मध्यंतर चुकले नव्हते

गेल्या वर्षी याच दिवाळी अंकात आमच्या टॉकीजच्या मालकांचे पुतणे श्री. बसवराज यांनी नांदेडच्या त्या जुन्या चित्रपटगृहाच्या आठवणी लिहिल्या. भाषा चांगली आहे, छायाचित्रेही चांगली आहेत. परंतु त्या लेखात माझ्याविषयी एक वाक्य आहे आणि ते आता लातुरात माझ्या गल्लीपर्यंत येऊन पोहोचले आहे. वाक्य असे: ‘आमचे म्हातारे ऑपरेटर नव्या डिजिटल यंत्राला इतके बिचकले होते, की व्हिडिओ गेमच्या दुनियेतला एक कार्टून सिनेमा त्यांनी एका रविवारी अर्ध्यातच संपवून टाकला, भरलेले थिएटर रिकामे केले आणि चूक लक्षात येताच अनवाणी रस्त्यावर पळत सुटले.’

या वाक्यात बिचकण्याचा, संपवण्याचा आणि अनवाणी पायांचा असे तीन आरोप आहेत. तिन्ही मला अमान्य आहेत.

याच प्रसंगाची दुसरी आवृत्ती आमचे दरवाजेवाले गुलाबमामू देगलूर नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर सांगत असतात. त्यांच्या म्हणण्यानुसार मी वरून घंटी वाजवली, म्हणून त्यांनी दरवाजे उघडले. घंटी त्या महिन्यात बंद होती. तिसरी आवृत्ती माझ्या पत्नीची. तिच्या मते मी त्या दिवशी घरी येऊन रडलो. तिच्याशी वाद घालण्यात हशील नाही, हे मला संसाराने शिकवले आहे. तरी ती केबिनमध्ये नव्हती एवढे नमूद करतो.

या तिन्ही आवृत्त्यांत एक मुलगी नाही. शिवानी नावाची, जळकोटकडच्या एका खेड्यातली, तिसरी-चौथीत शिकणारी मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आजोबांच्या हृदयाचे ऑपरेशन होते आणि माझ्या टॉकीजमधून बाहेर पडल्यावर ती त्यांना दवाखान्याची पायरी चढू देईना. ही मुलगी वगळली की माझे पळणे हास्यास्पद ठरते, हे उघड आहे. म्हणून तिला धरून सगळे पुन्हा सांगणे भाग आहे.

प्रथम माझ्या कामाविषयी, कारण आता पुष्कळांना ते ठाऊक नाही. माझा जन्म रेणापूरचा. लातूरच्या एका टॉकीजमध्ये रिळे उलटी गुंडाळण्यापासून मी सुरुवात केली. तेव्हा एक सिनेमा अनेक रिळांत येई आणि केबिनमध्ये दोन यंत्रे असत. पहिल्या यंत्रावरचे रीळ संपत आले की चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके. तो दिसला की दुसरे यंत्र सुरू करायचे. प्रेक्षकाला हा सांधा कळता कामा नये. ज्याचे काम कोणाच्याही ध्यानात येत नाही तो उत्तम ऑपरेटर, अशी आमच्या धंद्याची व्याख्या होती आणि मी त्या व्याख्येला उतरत असे. पुढे नांदेडला आलो, तेथेच केस पांढरे झाले आणि तेथेच रिळे जाऊन डिजिटल यंत्र आले. त्यात सिनेमा बंद डबीतून येई आणि कंपनीने परवानगी पाठवल्याशिवाय उघडत नसे. हे यंत्र शिकायला मला जितका वेळ लागला, त्यापेक्षा बसवराज यांना त्याचे बिल वाचायला जास्त लागला. बिचकण्याचा आरोप येथे निकालात निघतो.

मध्यंतराविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण सगळे भांडण तेथेच आहे.

परदेशी सिनेमात मध्यंतर नसते. त्यांच्याकडे माणसे चहावाचून दोन तास बसू शकतात. आपल्याकडे मध्यंतर नसेल तर कँटीनवाला उपाशी मरेल आणि लेकुरवाळ्या बाया उठून जातील. म्हणून बाहेरचा सिनेमा आला की त्यात मध्यंतर कोठे घालायचे हे ठरवावे लागते. कंपनी एक जागा कळवते, ती बहुधा घड्याळ पाहून काढलेली असते. ती मानायची की नाही, हे आमच्या टॉकीजमध्ये केबिन ठरवी. केबिन म्हणजे मी.

मध्यंतराची जागा घड्याळात नसते, ती प्रेक्षकाच्या मानेत असते. केबिनच्या भिंतीला एक झरोका असतो. त्यातून मी पडद्यापेक्षा माणसांच्या माना अधिक पाहिल्या आहेत. माना वळू लागल्या, बायका लेकरांशी बोलू लागल्या, की तेथे मध्यंतर देऊ नये. माणूस चहाला जातो तो परत आला तरी मनाने बाहेरच राहतो. जेथे एकही मान हलत नाही तेथे द्यावे. मग तो घाईने चहा पिऊन जागेवर येतो. लातूरच्या मोंढ्यातले धान्याचे एक आडते दुपारी आमच्याकडे केवळ झोपायला येत. मध्यंतरात दरवाजेवाल्याने त्यांना चहा देऊन उठवायचे आणि त्यांनी सौद्याला जायचे, असा परिपाठ. एकदा मी मध्यंतर पुढे सरकवले आणि शेटजींचा सौदा हुकला. ते जिना चढून माझ्याशी भांडायला आले. म्हणाले, “मास्टर, इथं काय चाललंय हे बघावं म्हणून आज जागा होतो. लई वंगाळ जागी थांबवलंत. आता पुढं काय होतं ते तरी सांगा.” मी सांगितले नाही. उत्तरार्धात काय आहे हे ऑपरेटरने सांगायचे नसते. शेटजी परत आत जाऊन बसले आणि त्या दिवशी प्रथमच त्यांनी एक सिनेमा पुरता पाहिला.

आता तो कार्टून सिनेमा. सुट्ट्यांत मुलांसाठी आलेला, हिंदीत बोलणारा. त्यात व्हिडिओ गेमच्या एका दुकानातली सगळी पात्रे आपापल्या डब्यांत संसार करून राहतात. एका कोपऱ्यात अतिशय जुना, दोनच रंगांचा एक खेळ आहे. त्यातला आजोबा चौकोनी तुकड्यांचा बनलेला असून त्याला उडी मारण्यापलीकडे काही येत नाही. त्याची नात मात्र नव्या, झगमगीत खेळात राहते आणि चारचौघांत आजोबांची ओळख द्यायला लाजते. शेजारी एक खेकडा आहे, ज्याला बनवणाऱ्याने फक्त डावीकडे चालायला शिकवले आहे. त्याला उजवीकडच्या बायकोकडे जायचे तर सगळ्या दुकानाला वळसा घालावा लागतो. लेकरे या खेकड्यावर लोटपोट होत. आजोबांपाशी खेळाच्या नियमाप्रमाणे तीन जीव असतात. नातीला वाचवता वाचवता तिन्ही खर्च होतात. आजोबा तुकड्यातुकड्याने विरतात, पडदा काळा होतो, जुन्या खेळाची एक रडवी धून वाजते आणि बारीक अक्षरे उमटतात: खेळ समाप्त.

कंपनीने मध्यंतर दिले होते खेकड्याच्या गाण्यात. शुक्रवारी आणि शनिवारी मी ते पाळले. गाणे अर्धवट तुटले की लेकरे कुरकुरत आणि आया त्यांना धपाटे घालत. झरोक्यातून मी दोन्ही दिवस पाहिले, की ‘खेळ समाप्त’ या अक्षरांपाशी सबंध थिएटरात एकही मान हलत नाही. रविवारी मी मध्यंतर तेथे आणले. तो निर्णय माझा होता, आजही माझाच आहे, आणि पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन.

मग घोटाळा कोठे झाला? तो ज्या दोन गोष्टींत झाला त्या बसवराज यांच्या लेखात नाहीत. पूर्वी आमच्याकडे मध्यंतराला फक्त भिंतीकडचे पिवळे दिवे लागत आणि सिनेमा सुटल्यावर छताचे सगळे पांढरे. प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेली ती खूण होती: पिवळे म्हणजे परत या, पांढरे म्हणजे घरी जा. बसवराज यांनी नूतनीकरणात सगळ्या दिव्यांना एकच बटण केले. दुसरे असे, की मध्यंतर होताच पडद्यावर ‘मध्यंतर’ अशी मी काचेवर रंगवलेली पाटी दिसत असे. नव्या यंत्रात काच चालत नाही, म्हणून तसेच चित्र त्यात घालून द्यावे असे मी त्यांना वारंवार सांगितले. ते ‘हाव काका, हाव काका’ म्हणत राहिले. त्या रविवारी पडदा काळा झाला, रडवी धून वाजली, ‘खेळ समाप्त’ उमटले, सगळे पांढरे दिवे लागले आणि पडद्यावर आले नव्या वसाहतीतल्या प्लॉटविक्रीचे जाहिरातचित्र.

आणि गुलाबमामूंनी रस्त्याकडचे दरवाजे उघडले.

गुलाबमामू भला माणूस. इतकी वर्षे दारात उभे राहिले, पण एकही सिनेमा त्यांनी आत बसून पाहिला नाही. शेवट ते बाहेरून कानाने ओळखत. वाद्ये उंच जाऊन हळूहळू खाली येऊ लागली, आतली माणसे गप्प झाली, की मामू अडसर काढायला घेत. पडदा पडायला आणि दार उघडायला एकच गाठ पडे. या कौशल्याचा मला अभिमान होता. मामूंनी त्या दिवशीही आपल्या रीतीत तसूभर चूक केली नाही.

मी पायऱ्या उतरून खाली येईपर्यंत माणसे रस्त्यावर सांडू लागली होती. केबिन सोडताना कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचायची, ही माझी रिळांच्या काळापासूनची सवय. ती मी तेव्हाही पाळली. जिन्याच्या तोंडाशी धोतर-टोपीतले एक वयस्क गृहस्थ गर्दी ओसरण्याची वाट पाहत उभे होते. कपाळावर भस्माचे पट्टे, चेहऱ्यावर थकवा. त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरून एक मुलगी उभी होती. ती रडत नव्हती. ती चौकशी करीत होती.

“आज्जा, त्या आज्ज्याचे तिन्ही जीव गेले?”

“गेले की बाई.”

“तुझे किती राहिलेत?”

गृहस्थ हसायला गेले, पण ते हसू काही पुरे झाले नाही. “माझा एकच हाय गं. सगळ्यांला एकच असतोय.”

“मग उद्या जाऊ नको.”

मी तोंड उघडले, तेवढ्यात मागून लोंढा आला आणि त्या दोघांना घेऊन रस्त्यावर गेला. मी ओरडलो, “अहो, संपला नाही सिनेमा!” रिक्षांच्या भोंग्यांत ते मलाही नीट ऐकू आले नाही. मुलगी आणि आजोबा एका ऑटोत बसले. म्हातारा चालकाला डॉक्टर लेन म्हणाला, एवढे माझ्या कानी पडले. ती दवाखान्यांची गल्ली; ‘उद्या जाऊ नको’चा अर्थ मला तेव्हा लागला.

मामू दारात अडसर हातात घेऊन उभे होते. मी विचारले, “मामू, हे काय केलंत?”

“मास्टर, बाजा रोया, पब्लिक चुप हुई, लाइट लगी. इतने बरस से खतम का यहीच हिसाब है.”

“आधा बाकी आहे, मामू!”

मामूंचा चेहरा उतरला. पुढच्याच क्षणी ते दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध गेले आणि उधळलेली गुरे वळवावीत तसे माणसांना वळवू लागले. “वापस आव! आधा बाकी है! अंदर चलो!” पुष्कळ लोक वळले. काहींना ती थट्टा वाटली. मी मामूंना तसेच सोडून उभ्या असलेल्या एका रिक्षात बसलो. चालक एक तरुण सरदारजी होता.

“काका, पिक्चर सुटलं ना? स्टेशन का बसस्टँड?”

“पिक्चर सुटलेलं नाही.”

“मग ही एवढी पब्लिक कुठून येऊन राहिली?”

“चुकून येऊन राहिली! त्या पुढच्या ऑटोच्या मागे घ्या.”

वजिराबादच्या चौकात गर्दीने आम्हांला अडवले. मी उतरून पायी धावलो, हे खरे आहे. त्या धावण्यात माझी एक चप्पल गेली, हेही खरे आहे. दुसरी पायात होती. अनवाणी हा शब्द दोन्ही पाय उघडे असणाऱ्यासाठी वापरतात, हे बसवराज यांच्यासारख्या पदवीधराला मी सांगायला नको.

सरदारजीने मला पुढच्या वळणावर पुन्हा उचलून घेतले आणि तो पुढचा ऑटो जेथे थांबला होता त्या दवाखान्याच्या दारात सोडले. तेथे जे पाहिले ते असे. मुलगी दवाखान्याच्या पहिल्या पायरीवर आडवी बसली होती. धोतराचा सोगा तिच्या मुठीत तसाच. आजोबा, ज्यांचे नाव काशिनाथअप्पा असल्याचे मला पुढे कळले, खाली रस्त्यावर उभे. वरच्या पायरीवर पिशव्या घेऊन त्यांची सून, म्हणजे मुलीची आई.

“मामंजी, आत भरती करून घ्यायला बोलावून राहिलेत, आन् ही वाटेत ठाण मांडून बसली,” सून म्हणत होती. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं हिला सिनेमाला न्यायला?”

“वेळ घालवायचा होता बाई. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मलाच भ्या वाटून राहिलं होतं,” अप्पा म्हणाले. “ही माझ्या फोनवर ते सापाचं खेळती रोज. माझा साप लगीच मरतो, हिचा मरत न्हाई. म्हनलं, तसलाच सिनेमा लागलाय, दाखवावं पोरीला.”

“शिवानी, ऊठ! मार खाशील.”

“मार. मी उठणार न्हाई.”

मी पुढे झालो, धाप आवरली आणि माझी ओळख सांगितली. “बाई, तो सिनेमा संपलेला नाही. अर्धा राहिलाय. ते मध्यंतर होतं.”

शिवानीने माझ्याकडे आपादमस्तक पाहिले. उघड्या पायाशी तिची नजर थोडी थांबली. “खोटं. लाइट लागली. दरवाजे उघडले. सगळे उठले. त्यात लिहिलं पण होतं, खेळ समाप्त. मला वाचता येतं.”

साक्ष अचूक होती. बसवराज यांनी त्यांच्या लेखात जे लिहिले ते एखाद्या पोराटोराने लिहिले असते तर मी मनावर घेतले नसते. परंतु त्या पायरीवर बसून तेच तिने म्हटले तेव्हा ते मला लागले, कारण तिच्या बाजूने सगळा पुरावा होता आणि माझ्या बाजूने केवळ माझा शब्द. मग मला कनवटीची किल्ली आठवली. ती काढून मी तिच्यासमोर धरली.

“ही माझ्या केबिनची किल्ली. उरलेला सिनेमा आत कुलपात आहे. मी जाईपर्यंत तो कोणालाही पुढे नेता येणार नाही. संपला असता तर मी कुलूप कशाला लावलं असतं?”

तिने किल्ली हातात घेऊन पाहिली. “त्यात तो आज्जा परत येतो का?”

सून माझ्याकडे पाहू लागली. अप्पाही पाहू लागले. ‘येतो’ एवढे म्हटले असते तर सगळे तेथेच मिटले असते, असे माझी पत्नी आजही म्हणते. मिटले नसते. जिने दिवे, दरवाजे आणि अक्षरे यांना साक्षीला उभे केले, ती मुलगी एका अनोळखी म्हाताऱ्याच्या शब्दावर उठली नसती. मी म्हणालो, “ते मी सांगायचं नसतं. तुझ्या डोळ्यांनी बघ. मी सांगितलं तर तू परत खोटं म्हणशील.”

मग तिने सोगा सोडला, पण उठली नाही. अप्पांकडे पाहून म्हणाली, “तू पण चल. तू न्हाई आला तर मी न्हाई.”

“अगं, डॉक्टर काय म्हणतील!” सून म्हणाली.

अप्पांनी टोपी सारखी केली. “डॉक्टरांला सांग, आमचं जरासं बघायचं राहून गेलंय, तेवढं बघून येतो. ऑपरेशन सकाळी हाय. हे आत्ताच हाय. मास्टर, येळेत आणून सोडता ना?”

“मी आणतो काका,” सरदारजी रिक्षातूनच म्हणाला. “मलाही बघायचंय आता काय झालं ते.”

सून वर जाऊन विचारून आली. अंधार पडायच्या आत परत या, असे उत्तर मिळाले. मग तीही पिशव्यांसह रिक्षात बसली; सासऱ्यांवर आणि माझ्यावर तिचा सारखाच अविश्वास होता.

टॉकीजच्या फाटकात बसवराज उभे होते. “काका! किल्ली कुठंय? आतली पब्लिक शिट्ट्या मारून राहिली, पुढच्या शोची पब्लिक उन्हात उभी हाय, आन् तुम्ही रिक्षात फिरून राहिलात?”

“मध्यंतर चालू आहे.”

“एवढं मोठं मध्यंतर असतं का कुठं?”

“आज आहे.”

“एका पोरीसाठी?”

“बसवराज, तिनं तिकीट पूर्ण सिनेमाचं काढलं होतं. आपण तिला अर्धा दाखवून पांढरे दिवे लावले. पिवळे कुठं गेले, ते तुम्ही सांगा.”

ते फाटकातून बाजूला झाले. माझ्या मते त्यांच्या लेखाचे बीज त्या क्षणी पडले असावे.

उत्तरार्ध सुरू झाला. मी झरोक्याशी उभा राहिलो. यंत्राकडे पाहण्याची गरज नव्हती. अप्पा, सून आणि मधे शिवानी अशी ती तिघे कडेच्या खुर्च्यांवर बसली होती. सरदारजी मागे उभा. आणि गुलाबमामू, ज्यांनी कधी दार सोडून पडद्याकडे पाहिले नव्हते, ते शिवानीच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. आता कानांवर विश्वास उरला नाही, असे त्यांनी नंतर मला सांगितले. त्यांचे म्हणणे असे, की वाद्ये जराही मंद झाली की ते शिवानीला विचारत, “अब?” आणि ती पडद्यावरची नजर न काढता सांगे, “अजून न्हाई मामू.”

सिनेमा आता जुना झाला, म्हणून उत्तरार्धाविषयी आयुष्यात प्रथमच बोलतो. नातीला कळते, की जुन्या खेळांत ‘खेळ समाप्त’च्या मागे आणखी एक ओळ दडलेली असते: पुढे खेळायचे का? मात्र त्या डब्याचे बटण डोंगराएवढे आहे आणि ते आतून एकट्याने दाबले जात नाही. मग सगळ्या खेळांतली पात्रे, ज्यांचे काम एकमेकांना मारणे आहे तीसुद्धा, डबे सोडून येतात आणि बटणाला खांदा लावतात. खेकडा सगळ्या दुकानाला वळसा घालून अगदी शेवटी पोहोचतो आणि त्याच्याच धक्क्याने बटण दबते. आजोबा परत येतात; पण खेळाच्या अगदी सुरुवातीला येतात. कमावलेले सगळे गेलेले, उडीसुद्धा मारता येत नाही. वाऱ्यासारखी पळणारी ती झगमगीत नात मग त्यांच्या चालीने, एक एक पाऊल टाकीत, त्यांच्यासोबत पहिल्यापासून सगळी वाट चालते.

खेकड्याच्या धक्क्याला थिएटरात जो ओरडा झाला, तसा त्या छताखाली मोठमोठ्या नायकांनाही मिळाला नव्हता. मी मात्र कडेच्या खुर्च्यांकडे पाहत होतो. अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. शिवानीची मान हलत नव्हती.

नावे सुरू झाली तरी मी दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. मामूंनी अडसर काढला नाही. शेवटचे अक्षर वर सरकून गेल्यावर मग दिवे लावले, आणि ती तिघे जिन्याच्या तोंडाशी आली तेव्हा मी खाली उभा होतो.

“आता संपला?” शिवानीने विचारले.

“आता संपला.”

तिने किल्ली परत केली. तोवर ती तिच्याचपाशी होती. केबिन उघडल्यावर मी ती पुन्हा तिच्या हाती ठेवली होती. सरदारजीने त्यांना वेळेत दवाखान्यात नेले. शिवानी वाट न अडवता पायऱ्या चढली, असे त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. मी त्या दिवशी घरी जाऊन रडलो की नाही, हा या लेखाचा विषय नाही.

ऑपरेशनच्या दिवशी दुपारचा शो लावून मी दवाखान्यात गेलो. सून बाकड्यावर बसली होती. तिचा माझ्यावरचा राग गेला होता. तिने सांगितले ते असे. आतले काम लांबले. मध्येच दारावरचा लाल दिवा विझला, एक नर्स घाईने बाहेर आली आणि काही न बोलता निघून गेली. गावाहून आलेले सगळे उठून उभे राहिले. सुनेने पदर तोंडाला लावला. “आन् ही बसूनच,” ती म्हणाली. “मला हाताला धरून खाली बसवलं. म्हणती कशी, ‘बस आई. लाइटीकडं बघून उठायचं नसतं. हे मध्यंतर हाय.’” थोड्या वेळाने लाल दिवा पुन्हा लागला. बल्ब बदलला होता की आणखी काय, हे तिला कोणी सांगितले नाही. त्या संध्याकाळी अप्पांना सुखरूप बाहेर आणल्याचे मला कळले.

त्यानंतर आमची टॉकीज फार दिवस चालली नाही. आता तेथे मंगल कार्यालय आहे आणि बसवराज ते उत्तम चालवतात, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु टॉकीज बंद होण्यापूर्वी, महाशिवरात्रीच्या नंतर एका सकाळी, खालून मामूंची हाक आली, “मास्टर, मेहमान!” मी केबिनचे दार उघडले. काशिनाथअप्पा एका हाताने कठडा धरून जिना चढत होते. वाळून अर्धे झालेले, पण चढत होते. शिवानी त्यांच्या बरोबरीने, त्यांच्याच चालीने, एक एक पायरी. तिच्या वयाला तो जिना म्हणजे दोन उड्यांचा खेळ होता. मधल्या वळणावर अप्पा थांबले. छाती भात्यासारखी हलत होती.

मी वरून म्हणालो, “अप्पा, मीच येतो खाली.”

“थांबा मास्टर,” शिवानी खालून ओरडली. “मध्यंतर हाय!”

मी दार उघडे धरून उभा राहिलो. जिन्यातला दिवा पिवळा होता. तो बदलायचे बसवराज यांच्याकडून राहून गेले होते.